सांबाऱ्याचा वेग

मॅटाडोर किती वेगाने चालवायची हे वनमाला काट्याकडे बघून ठरवत नसे. ते मागच्या टोपातलं सांबारं ठरवत असे. काळ्या वाटाण्याचं सांबारं गळ्यापर्यंत भरलेलं असलं, की गाडीने दिवस भरलेल्या बाईसारखं चालायचं. वडे निवले तर पुन्हा तेलात सोडता येतात, भाताला वाफ देता येते. पण हायवेवर सांडलेलं सांबारं पुन्हा टोपात भरता येत नाही. आणि कोकणातल्या माणसांच्या लग्नात सांबारं कमी पडलं, तर पुढची पिढीसुद्धा ते बोलून दाखवते.

त्या मे महिन्याच्या सकाळी अंधेरीहून निघताना गाडीत दोन टोप सांबारं होतं, एक टोप मठ्ठा, भाताची पातेली, बटाट्याची भाजी, जिलेबीच्या पाट्या आणि वड्यांचं मळलेलं पीठ. बोरिवलीच्या त्या हॉलमागे नुसती पत्र्याची शेड होती. तिथे वडे तळता येत, बाकी रांधायला जागा नव्हती. म्हणून सगळं अंधेरीला चाळीमागच्या मोकळ्या जागेत रांधून न्यायचं. रांधायचं दत्तारामने, न्यायचं वनमालाने.

लोकांना हे उलटं वाटे. नवरा चुलीपाशी आणि बायको स्टिअरिंगवर, हे बघायला चाळीतली माणसं सुरुवातीला गॅलरीत उभी राहत. पण त्यात वनमालाला काही नवल वाटत नव्हतं. दत्तारामची उमर गिरणीच्या साचे खात्यात, कापड विणायच्या मागांवर, गेली होती. तिथल्या खडखडाटाने त्याचे दोन्ही कान नेले. मग गिरण्यांचा संप झाला. तो संपला असं कोणी सांगितलंच नाही, तो नुसता विरत गेला, आणि दत्ताराम घरी बसला तो गावच्या लग्नांत शिकलेला झारा हातात घेऊनच उठला. जुनी मॅटाडोर घेतली तेव्हा प्रश्न आला तो चालवायची कोणी. मागचा हॉर्न ज्याला ऐकू येत नाही त्याने गाडी चालवायची नाही, एवढं वनमालाला कळत होतं. ड्रायव्हर ठेवण्याइतका धंदा नव्हता. मग ती स्वतः शिकली, परीक्षा दिली, एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. विषय संपला.

दत्ताराम मागे हौद्यात टोपांना पाय टेकवून, तोंड मागच्या रस्त्याकडे करून बसे. केबिन आणि हौदा यांच्यामधल्या पत्र्यावर तो पळीने ठोकत असे. एक ठोका म्हणजे हळू. दोन म्हणजे ठीक चाललंय.

त्या दिवशी गोरेगाव मागे पडेपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मालाडच्या अलीकडे हायवेची उजवी बाजू खोदून ठेवली होती आणि डांबराची पिंपं ओळीने मांडून एकाच गाडीपुरती वाट ठेवली होती. वनमाला त्या वाटेत शिरली आणि लगेच मागून हॉर्न सुरू झाला. पिपाणीसारखा, बारीक आणि न थांबणारा.

तिने आरशात पाहिलं. लाल मारुती. नवी कोरी, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नसावं अशी. त्या दिवसांत नंबर लागून मारुती दारात आली की माणसं तिला हळदकुंकू लावत. या मारुतीच्या बॉनेटवरही स्वस्तिक दिसत होतं, म्हणजे दिसायला हवं होतं. आता ते मॅटाडोरच्या पाठीला इतकं चिकटलं होतं की आरशात नुसतं लाल छप्पर आणि हॉर्नवर टेकलेला एक हात एवढंच येत होतं.

डावीकडे खडीचे ढीग, उजवीकडे पिंपं. बाजूला घ्यायला जागाच नव्हती. वेग वाढवायचा तर पुढे रस्ता उखडलेला. वनमालाने दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले आणि आहे तीच चाल ठेवली. हॉर्न वाढला. मारुती थोडी मागे जाई, मग उसळी मारून अंगावर येई, पुन्हा मागे, पुन्हा अंगावर. पत्र्यावर एक ठोका पडला. हळू. मग थोडं थांबून आणखी एक.

"आणखी हळू म्हणजे थांबूच का?" वनमाला स्वतःशीच म्हणाली.

मागे काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. दत्तारामला हॉर्न ऐकूच येत नव्हता. त्याला समोर चार हातांवर एक गाडी दिसत होती. स्टिअरिंगवर सुटाबुटातला एक तापलेला माणूस, शेजारी भरजरी साडीतली बाई आणि मागच्या सीटवर नाकाला पदर लावून बसलेली एक म्हातारी. माणसाचे ओठ हलत होते. दत्तारामला वाटलं, बिचाऱ्यांना घाई आहे. त्याने हसून तळहात पालथा केला आणि दोनदा हवेत खाली दाबला. साचे खात्यात आवाजात बोलणं चालत नसे, माणसं हातांनीच बोलत, आणि तिथे या खुणेचा अर्थ होता, दमाने घे भावा. मारुतीतल्या माणसाने आयुष्यात साचे खातं पाहिलेलं नव्हतं. त्याने त्याचा अर्थ घेतला, बस खाली.

खोदकाम संपलं तशी वनमालाने गाडी डावीकडे घेतली आणि खिडकीतून हात काढून मारुतीला पुढे जायची खूण केली. मारुती सुटली, पुढे गेली आणि कचकन ब्रेक लावून मॅटाडोरच्या समोर आडवी उभी राहिली.

वनमालाने ब्रेक दाबला. मागे टोप टोपावर आदळल्याचा आवाज आला आणि दत्तारामची एक अस्सल मालवणी शिवी.

सुटातला माणूस उतरून तिच्या खिडकीशी आला होता. चाळिशीचा, गुळगुळीत दाढीचा, कपाळावर आधीच गंध.

"लायसन कोणी दिलं गं तुला?"

"आरटीओने," वनमाला म्हणाली. "तुम्हाला?"

"तोंड वर करून बोलतेस? अर्धा तास मागे हॉर्न मारतोय. बहिरी आहेस का?"

"मी नाही. मागे बसलेत ते आहेत. आणि अर्धा तास नव्हता. खोदकाम केवढं आहे ते तुम्हीही बघितलंत. कुठे घेऊ बाजूला, खड्ड्यात?"

"आणि वर तो म्हातारा मला वाकुल्या दाखवतो! बायकांनी पोळपाट सांभाळावा, गाड्या कशाला..."

"तोच घेऊन चाललेय. मागे बघा. तीनशे माणसांचा आहे."

रस्त्याकडेला लिंबूसरबतवाल्यापाशी उभे असलेले दोघे ट्रकवाले हसले. तेवढं हसणं पुरलं. त्या माणसाचा चेहरा मारुतीच्या रंगाचा झाला. खिडकीतून हात आत घालून त्याने गाडीची किल्ली फिरवली, उपटली आणि कोटाच्या खिशात टाकली.

"आता बस इथेच ढवळत," तो म्हणाला. "म्हणजे घाई काय असते ते कळेल."

"अहो, किल्ली द्या. अन्न आहे गाडीत, लग्नाचं."

पण तो निघालाही होता. मारुतीच्या मागच्या काचेतून म्हातारी वळून बघत राहिली होती, तेवढं वनमालाला दिसलं. मग तेही दिसेनासं झालं.

ऊन टाळूवर आलं होतं. टोपांतली वाफ बाहेरच्या उकाड्यात मिसळत होती. अशा उन्हात गाडी तासभर उभी राहिली तर मठ्ठा फाटणार, भाजीला वास येणार. आणि हे जेवण ज्याच्या मुलीच्या लग्नाचं होतं तो जयवंतराव गिरणीत दत्तारामच्या खात्याचा कारकून होता. संपानंतर दत्तारामला ज्यांनी ओळखही दाखवली नाही अशी माणसं शेकड्यांनी होती. जयवंतरावाने हे पहिलं मोठं काम दिलं होतं.

दत्ताराम उतरून पुढे आला. सदऱ्यावर सांबाऱ्याचा ओघळ.

"काय झाला गो? सांडला नाय जास्ती. वाडगाभर."

वनमालाने चिमूट हवेत फिरवून किल्लीची खूण केली आणि मग हात मारुती गेली त्या दिशेला झटकला.

"घेऊन गेलो? किल्ली?" दत्तारामला पटेना. "कशाक?"

"ते नंतर. दुसरी काढा."

दुसरी किल्ली जगात एकाच ठिकाणी सुरक्षित असते असं दत्ताराम मानत असे, ते म्हणजे त्याच्या कमरेचा करगोटा. घराची, कोठीच्या कुलपाची आणि मॅटाडोरची अशा तीन किल्ल्या त्या काळ्या दोऱ्याला बारमास बांधलेल्या असत, आंघोळीतसुद्धा. गाठ अशी की दाताशिवाय सुटत नसे.

"हंयसर? हायवेर?"

"मग काय हॉटेलात खोली घेऊ? काढा लवकर."

दत्ताराम गाडीकडे तोंड करून उभा राहिला आणि लेंग्याची नाडी सोडू लागला. ट्रकवाल्यांनी शिट्या मारल्या. वनमालाने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यातल्या एकाने ग्लास खाली ठेवला आणि येऊन चाकूने दोरा कापून दिला. शिवाय म्हणाला, "बाईजी, त्या गाडीचा नंबर पाहिलाय. पोलीस चौकी पुढे आहे."

"आधी पंगत," वनमाला म्हणाली आणि किल्ली फिरवली.

हॉलवर पोचली तेव्हा आतून भोंग्यावर मंगलाष्टकं चालू होती. हॉलच्या बाजूने शेडकडे जाणारी एक अरुंद गल्ली होती, तिचं दुसरं टोक बंद. वनमालाने गाडी गल्लीत वळवली आणि ब्रेकवरचा पाय तिथेच राहिला.

गल्लीच्या टोकाला, सावली बघून, भिंतीशी नाक लावून लाल मारुती उभी होती. बॉनेटवर स्वस्तिक.

शेडचं दार मारुतीच्या अलीकडे होतं. टोप उतरवायचे तर गाडी दाराशीच लावावी लागणार, म्हणजे मारुतीच्या मागे, अगदी बंपरला बंपर. वनमालाने ती तशी लावली. दुसरी जागाच नव्हती. ती काही तिने मुद्दाम लावली नाही. पण सामान उतरवल्यावर गाडी बाहेर घ्यायची तिची रीत होती, ती त्या दिवशी तिने पाळली नाही, हे मात्र मुद्दाम. तिने दोन्ही दारं लावून कुलूप घातलं, किल्ली ब्लाउजात टाकली आणि दत्तारामला हाताने सांगितलं, वडे.

"अक्षता पडल्या!" आतून कोणीतरी ओरडलं. ताशा वाजला.

पहिली पंगत वरपक्षाची. लांब टेबलांवर कागद पसरून केळीची पानं मांडली होती. मधल्या टेबलाच्या टोकाला एक पान वेगळं, भोवती रांगोळी, उदबत्ती, चांदीची वाटी. ते नवऱ्या मुलाच्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. जावई म्हणजे नाजूक प्रकरण आणि व्याह्यांचा जावई त्याहून नाजूक. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय त्या बाजूचं कोणी पानाला हात लावत नाही, अशी त्या घराण्याची रीत होती आणि जयवंतरावाने ती आधीच बजावून ठेवली होती.

वनमाला पदर खोचून सांबाऱ्याची बादली घेऊन आत आली. वेगळ्या पानाशी बसायला निघालेला माणूस तिच्याकडे बघून जागच्या जागी थांबला. कपाळावर गंध होतंच, आता डोक्याला फेटाही होता.

"ही इथे कशी?"

"वनमालाबाई," जयवंतराव उत्साहाने म्हणाला, "यांचे यजमान आमच्याच गिरणीतले. आणि बाई, हे आपल्या व्याह्यांचे जावई, नंदकिशोरराव. फोर्टात मोठे साहेब आहेत."

"भेट झालीय आमची," वनमाला म्हणाली. "साहेब, माझी किल्ली?"

"कसली किल्ली?" नंदकिशोर आवाज चढवून म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "जयवंतराव, या बाईने हायवेवर माझी वाट अडवली. हिच्या नवऱ्याने माझ्या बायकोसमोर मला हातवारे करून दाखवले. आणि हिच्या हातचं मी जेवायचं? आधी हिने इथे, सर्वांसमोर माफी मागायची. तोवर मी पानावर बसत नाही."

आणि तो खुर्ची मागे ओढून भिंतीशी जाऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

पंगतीत वाढणारे हात थांबले. पाहुण्यांनी पानाकडे बघितलं, मग एकमेकांकडे. जयवंतरावाने वनमालाला कोपराला धरून शेडमध्ये आणलं. त्याला घाम फुटला होता.

"बाई, दोन शब्द. फक्त 'चुकलं' म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"काय चुकलं?"

"ते मला काय माहीत! काहीही. माझ्या पोरीचं लग्न आहे हो. आज हा माणूस उपाशी गेला तर तिला जन्मभर ऐकवतील."

"जयवंतराव, त्यांनी भर रस्त्यात गाडीची किल्ली काढून नेली. ह्यांच्या कमरेला दुसरी नसती तर आत्ता तुमची पोरगी आणि ही तीनशे माणसं उपाशी असती. ते उपाशी गेले म्हणून पोरीला ऐकवतील, आणि ही सगळी उपाशी गेली असती तर कोणी कोणाला ऐकवलं असतं?"

"अहो खरं असेल. पण मी हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. या माणसाने कधी वनमालाकडे काही मागितलं नव्हतं. तिने दत्तारामकडे पाहिलं. तो कढईपाशी होता, ओठांवरून सगळं वाचत होता.

"म्हण ना गो," दत्ताराम हळू म्हणाला. "तोंडातसून दोन शब्द. आपला काय जाता?"

"तुम्ही म्हणता हे?"

"जयवंतरावांचो चेहरो बघ."

"बघितला." तिने बादलीच्या कडीवरचा हात बदलला. "ऐका. आज मी चुकलं म्हटलं, की काय चुकलं ते सगळे मिळून ठरवतील. बाईने गाडी चालवली ते चुकलं, हेच ठरेल. मग उद्या ड्रायव्हर ठेवा, नाहीतर धंदा बंद करा. मी कुणालाही रस्ता अडवला नाही. ज्याला पुढे जायचं होतं त्याला हात करून पाठवला. याची माफी मी देवासमोरसुद्धा मागणार नाही, ह्या फेट्यासमोर कुठे."

दत्ताराम कढईकडे वळला. फुगलेले वडे झाऱ्यावर घेऊन त्याने पाटीत टाकले आणि पाटी तिच्याकडे सरकवली.

"मग वाढ," तो म्हणाला. "निवतत."

वनमाला आत गेली आणि वाढू लागली. पहिल्या पानापासून, ओळीने, वाटी भरून सांबारं, बाजूला दोन वडे. कोणी नको म्हणालं नाही आणि कोणी जेवायलाही लागलं नाही. रांगोळीच्या पानाशी ती आली. खुर्ची रिकामी होती. रिकाम्या पानाला वाढत नाहीत. ती पुढे गेली.

पुढच्या पानावर तीच म्हातारी बसली होती, मारुतीच्या मागच्या काचेतली. नवऱ्या मुलाची आजी, सुंदराबाई. तिच्या वाटीतून वाफ निघत होती आणि त्या वाफेत भाजलेल्या खोबऱ्याचा, धण्याचा, तिरफळाचा असा सगळा वास होता. सुंदराबाईने एकदा भिंतीशी उभ्या असलेल्या नातजावयाकडे पाहिलं. एकदा वाटीकडे. मग वडा मोडला, सांबाऱ्यात बुडवला आणि तोंडात घातला.

टेबलावर "आजी!" असा एक दबका उद्गार उठला.

"काय आजी?" सुंदराबाई घास गिळून म्हणाली. "माका सकाळधरना गाडयेन ढवळून काढल्यान. पोटात काय उरला नाय. ह्येचो रुसवो संपाक संध्याकाळ होतली, तोवर मी बसान ऱ्हवूं? जेवा रे. सांबारा फक्कड आसा."

रुसणाऱ्याचं सगळं बळ मनवणाऱ्यात असतं. आतापर्यंत दोघे-तिघे नंदकिशोरच्या आजूबाजूला "चला हो, बसा हो" करत होते. घरातल्या सगळ्यात वडील माणसाने घास घेतला म्हटल्यावर त्यांचे डोळे आपापल्या पानांकडे गेले. एक सटकला. मग दुसरा. चमचे वाजू लागले. कोणीतरी "इकडे मठ्ठा" म्हणालं. नंदकिशोर हाताची घडी घालून उभा होता, पण आता तो रुसलेला दिसत नव्हता. जागा न मिळालेला दिसत होता.

"नीला, ऊठ!" तो एकदम ओरडला. "या घरचं पाणीही प्यायचं नाही. चल."

भरजरी साडीतल्या बाईचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, हात पानावर थबकला. तिने एकदा आजीकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही गाडीत बसा ना. मी आलेच एवढं संपवून." आणि मान खाली घालून जेवत राहिली.

तो ताडताड बाहेर गेला. थोड्या वेळाने गल्लीतून हॉर्न सुरू झाला, पिपाणीसारखा.

वनमालाने पंगतीला दुसऱ्यांदा सांबारं वाढलं. जिलेबी वाढली. कोणाला काय हवं ते विचारलं. मग पानं उचलली, टेबलं पुसली आणि वधूपक्षाच्या पंगतीला बसवलं. हॉर्न चालूच होता. दत्ताराम तेवढा एकटा शांतपणे वडे तळत होता.

शेवटी नंदकिशोर स्वतःच शेडच्या दारात आला. कोट घामाने चिकटलेला, फेटा मागे सरकलेला. त्याच्यामागून जेवण झालेली वऱ्हाडातली माणसं, हात धुवायच्या निमित्ताने, गल्लीत जमली होती.

"तुझी गाडी काढ. मला जायचंय."

"कशी काढू?" वनमाला झारे विसळत होती. "किल्ली नाही."

"किल्ली नाही तर इथवर आणलीस कशी?"

"ढकलत."

गल्लीत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "मालाडहून? चढावर पण?"

"तीनशे माणसं जेवायची होती ना," वनमाला म्हणाली. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. "आता मात्र दम नाही. ज्यांनी किल्ली नेली त्यांनी दिली तर काढते."

"माझ्याकडे तुझी कसलीही किल्ली नाही!"

"डाव्या खिशात बघ रे," माणसांच्या मागून आवाज आला. सुंदराबाई नीलाच्या हाताला धरून पायरी उतरत होती. "माझ्या डोळ्यादेखत घातलंस. बाईन हात करून तुका वाट दिल्यान आणि तू तिचीच गाडी आडवलंस. तो बिचारो हातान सांगी होतो, दमान ये म्हणान. माका गाडयेत बोलाक दिलंस नाय, आता बोलतंय."

जयवंतराव माणसांतून वाट काढत पुढे आला होता. त्याने नंदकिशोरच्या डाव्या खिशाकडे बघितलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

नंदकिशोरने खिशात हात घातला. किल्ली बाहेर आली. ती त्याने वनमालाच्या पायाशी, खरकट्या पाण्यात फेकली.

"घे. आणि काढ."

वनमालाने किल्लीकडे पाहिलं नाही. तिने विसळलेला झारा पाटीत ठेवला आणि पदराला हात पुसले.

"हातातून नेली होती," ती म्हणाली. "हातात द्या."

"मी?"

"तुम्ही."

नीला वाकू लागली. सुंदराबाईने तिचं मनगट धरून ठेवलं. दुसरं कोणी पुढे झालं नाही. नंदकिशोरने आजूबाजूला पाहिलं. कोणीतरी 'जाऊ द्या हो' म्हणेल म्हणून थांबला. कोणी म्हणालं नाही. मग एका हाताने फेटा सावरत तो वाकला, खरकट्यातून किल्ली उचलली आणि तिच्या पुढे केली. वनमालाने उजवा हात पुढे करून ती घेतली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "रिकामे टोप चढवायचेत. मग काढते."

आणि तो थांबला. दत्तारामने टोप एकेक करून हौद्यात चढवले, घाई न करता.

जयवंतराव केबिनच्या खिडकीशी आला तेव्हा त्याच्या हातात जिलेबीचा पुडा होता. तो त्याने आत ठेवला, पण नजर वर केली नाही.

"जेवणाला कोणी नाव ठेवलं नाही, बाई. सगळे वाखाणतायत. पण..." तो अडखळला. "धाकटीचं पुढच्या वर्षी आहे. याच माणसांना बोलवायचंय मला. तेव्हा... तुम्ही समजून घ्या."

वनमाला समजली. जयवंतरावाच्या ओळखीतली बोरिवलीची आणखी चार लग्नंही त्यात गेली, हेही समजली. तिने जिलेबीचा पुडा उचलून खिडकीतून मागे दत्तारामकडे दिला.

"करा दुसरा आचारी," ती म्हणाली. "राग नाही. पोरीला सांगा, नांदा सौख्यभरे. आणि त्या आचाऱ्याला तेवढं सांगा, सांबारं हळू आणायचं असतं. कोण मागे लागलंय ते बघायचं नसतं."

तिने गाडी सुरू केली आणि गल्लीतून उलटी, सावकाश, भिंतीला धक्का न लावता बाहेर काढली.